पैसे गेल्यावर पहिल्या तासात काय करायचं, तेवढं शिकवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी व मा. पोलीस अधीक्षक,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग.

विषय : सुरक्षित इंटरनेट दिवसाच्या कार्यक्रमात बदल करण्याबाबत.

महोदय / महोदया,

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार जगभर 'सुरक्षित इंटरनेट दिवस' म्हणून पाळतात. २००४ साली युरोपात सुरू झालेला हा दिवस आता आपल्या सरकारी कॅलेंडरातही आहे. शिवाय ऑक्टोबर हा सायबर सुरक्षा जागृतीचा महिना आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचनेनुसार दर महिन्याचा पहिला बुधवार हा सायबर जागरूकता दिवस. थोडक्यात, दिवसांची वानवा नाही. मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीएम किसानची केवायसी, पेन्शनरांचे हयातीचे दाखले, रेल्वेची तिकिटं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. हे दिवस कसे पार पडतात तेही मला जवळून दिसतं, कारण त्यांचे अहवाल टाइप करायला आणि फोटो अपलोड करायला शाळेतले गुरुजी माझ्याकडेच येतात.

अहवाल ठरलेला असतो. प्रभातफेरी निघाली, घोषणा दिल्या, मुलांनी शपथ घेतली, चित्रकला स्पर्धेत कुलूप घातलेल्या मोबाइलचं चित्र पहिलं आलं, मान्यवरांनी मार्गदर्शन केलं, आभारप्रदर्शनाने सांगता झाली. मुलांना शिकवू नका असं मी म्हणत नाही. पण पैसे गेले म्हणून जी माणसं माझ्या टेबलासमोर येऊन बसतात, ती त्या फोटोत कुठेच नसतात. ती एकतर साठीच्या पुढची असतात, नाहीतर चाळिशीतली, हातात काहीतरी धंदा असलेली. निवृत्त शिक्षक, ट्रॉलरवरचा तांडेल, चार खोल्या पर्यटकांना देणारी बाई, लाडक्या बहिणीच्या यादीत नाव असलेली सून.

कोकणातलं घर कसं चालतं ते तुम्हाला सांगायला नको. मुलगा विरारला नाहीतर डोंबिवलीला, आईवडील गावी. स्मार्टफोन मुलाने नवीन घेतला तेव्हा जुना आईला मिळाला. त्यात निम्म्या सूचना इंग्रजीत येतात आणि कुठल्या अ‍ॅपला कसली परवानगी दिली आहे ते मुलालाही आठवत नाही. खात्यात मात्र पैसा असतो. पेन्शन असते, आंब्याच्या किंवा काजूच्या हंगामाचे एकगठ्ठा आलेले असतात, कधी जमिनीचा तुकडा विकून आलेले असतात. सगळं एकाच खात्यात, आणि त्याच खात्याला यूपीआय जोडलेलं. चोराला आणखी काय हवं?

फसवणूकसुद्धा इथल्या हंगामाप्रमाणे बदलते. चैत्र-वैशाखात निम्म्या किमतीच्या हापूसच्या जाहिराती फिरतात. त्यात पैसे जातात मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाचे, पण बागेचे फोटो आणि नाव चोरलेलं असतं इथल्या बागायतदाराचं, आणि शिव्या खातो तोच. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, काही मिनिटांत भरतं, आणि मग 'कन्फर्म करून देतो' म्हणणारे भेटतात. पावसाळ्यात मेसेज येतो, 'तुमचं वीजबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाइन कापणार.' आषाढात आमच्याकडे वीज तशीही जातेच, त्यामुळे माणसाचा चटकन विश्वास बसतो. २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली आणि तशाच नावाच्या नकली वेबसाइट्स लगेच निघाल्या. लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येते. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं, म्हणजे ते आमंत्रण नसून अ‍ॅप असतं. तीच फाइल कधी पीएम किसानच्या नावाने येते, कधी आरटीओच्या चलनाच्या. एकदा ती फोनमध्ये बसली की मेसेज वाचते आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवते. त्या माणसाने ओटीपी कोणालाही सांगितलेला नसतो. तरी घरचे, शेजारचे, बँकेतले, सगळे त्याला एकच विचारतात, 'ओटीपी कशाला दिलास?'

मालवणच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होमस्टे चालवतात. नाताळच्या आठवड्यात त्यांना फोन आला. समोरचा हिंदीत, अदबीने बोलत होता. आर्मीतून बोलतो म्हणाला, जवानांच्या कुटुंबांसाठी सगळ्या खोल्या पाहिजेत, भाव कमी करा असंही म्हणाला नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवलं. मग म्हणाला, आमच्या ऑफिसची पद्धत आहे, आधी तुम्ही एक रुपया टाका, खातं बरोबर आहे ना ते बघू. एक रुपया टाकला, दोन परत आले. मग एक क्यूआर कोड आला, 'हा स्कॅन करा, पूर्ण आगाऊ रक्कम जमा होईल.' स्वयंपाकघरात सुरमई तळत होती, अंगणात एक कुटुंब निघायच्या घाईत बिल मागत होतं, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये. त्यांनी स्कॅन केलं, पिन टाकला, आणि आगाऊ रकमेएवढे पैसे त्यांच्याच खात्यातून गेले. 'चुकून उलटं झालं, परत करतो, पुन्हा स्कॅन करा' म्हणाला, आणि दुसऱ्यांदाही गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे त्यांना माहीत होतं. बँकेने दिलेला तसा स्टिकर त्यांच्या टेबलाच्या काचेखालीच आहे. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीकडे पैसे मागण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद केली, ते बरं झालं, पण क्यूआरची युक्ती तिच्यामुळे थांबत नाही. पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही त्यांना तोच स्टिकर मोठा करून बॅनरवर दाखवलात तर त्यांना नवीन काय कळणार? त्यांना माहीत नव्हतं ते वेगळंच. फोन ठेवल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, ते. त्यांनी आधी त्या माणसाला चारपाच वेळा फोन लावला. मग मुंबईतल्या भावाला. भाऊ मीटिंगमध्ये. मग पाहुण्यांना जेवण वाढलं, कारण ती माणसं बसली होती. मग गुगलवर बँकेचा 'कस्टमर केअर' शोधला आणि तोही नंबर खोटाच निघाला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या सरकारी नंबरवर फोन गेला दुसऱ्या दिवशी सकाळी.

आमच्याच वाडीतली एक आजी तर त्याहून उशिरा आली. बँकेचं पासबुक भरून घेतलं आणि माझ्यासमोर उघडं करून ठेवलं. आकडे तिला वाचता येतात, शेवटची ओळ वाचून झालेली होती. म्हणाली, "माका वाटला, बँकेचोच माणूस बोलता." मी विचारलं, कधी झालं हे? तर दशमीला, म्हणजे होऊन पंधरवडा उलटला होता. आणि मी १९३० लावायला फोन उचलला तर तिने माझा हात धरला. "गे बाय, माझ्या झिलाक सांगू नको हां."

माझ्या मते हेच सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. पैसे जातात त्याहून जास्त नुकसान लाजेने होतं. गावात फसलेला माणूस हा चहाच्या टपरीवरचा विनोद असतो. मास्तर असून फसला, सरपंच असून फसला, बँकेत नोकरी केली आणि फसला. सून टोमणा मारेल, मुलगा फोन काढून घेईल, पुढच्या वेळी एटीएम कार्डही हातात देणार नाही, या भीतीने माणूस गप्प बसतो. आणि तुमची सगळी पोस्टरं सांगतात, 'सावध राहा, फसू नका.' म्हणजे जो फसला तो सावध नव्हता, चूक त्याची. त्याने पोलिसांकडे जावं असं तुम्हाला वाटतं, पण तुमचंच पोस्टर त्याला तोंड लपवायला लावतं.

२७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान 'डिजिटल अरेस्ट'बद्दल, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर माणसाला घाबरवून अडकवून ठेवण्याबद्दल, बोलले. अशी अटक कायद्यात कुठेच नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तीन पायऱ्या सांगितल्या, थांबा, विचार करा, कृती करा. पुढे कित्येक महिने कुठेही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीचा इशारा देणारा अमिताभ बच्चन यांचा आवाज ऐकू यायचा. लोक कंटाळले, पण मला ती धून वाईट वाटली नाही. तिच्यामुळे निदान विषय घराघरात गेला. अडचण इतकीच की पहिल्या दोन पायऱ्या सगळ्यांना पाठ झाल्या आणि तिसरी पायरी गावात येऊन कोणी करून दाखवली नाही.

ती करून दाखवण्याजोगी का आहे, ते जरा लिहिते. तुम्हाला हे माहीत आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी. फसवणुकीचे पैसे एका जागी बसत नाहीत. पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात तुकडे होऊन जातात आणि कुठेतरी एटीएममधून रोख निघतात किंवा क्रिप्टोत शिरतात. १९३० वर तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे पोचले तिला यंत्रणेतून लगेच निरोप जातो, आणि पैसे अजून खात्यात असतील तर ती बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते. पुढे गेले असतील तर निरोप पुढच्या बँकेला जातो. म्हणजे ही शर्यत आहे, आणि आपण तासभर उशिरा धावायला लागलो की संपलं. संसदेत दिलेल्या उत्तरानुसार २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी तो आकडा ७,४६५ कोटी होता. आणि ही पैसे अडवण्याची यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून जुलै २०२५ पर्यंत, सगळी वर्षं मिळून, वाचवलेली रक्कम सुमारे ५,४८९ कोटी. यंत्रणा चालते हे यातून दिसतं, आणि तिच्यापर्यंत माणूस वेळेत पोचत नाही हेही दिसतं.

दुसरी गोष्ट बँकेची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात लिहिलंय की ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असले, तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर जे आणखी जातील ते बँकेच्या माथी. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्या खिशातून काहीच जायला नको. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक हातात असणं फार महत्त्वाचं. हे परिपत्रक गावातल्या किती जणांनी ऐकलंय? मी विचारून बघितलं आहे. केवायसी करायची राहिली तर खातं बंद पडतं हे मात्र सगळ्यांना माहीत आहे, कारण बँकेने ते दहादा सांगितलं आहे.

आता आमच्या बाजूच्या अडचणी, ज्या मंत्रालयात बसून दिसत नाहीत. आमच्या गावात खालच्या वाडीत रेंज नसते, सड्यावर चढावं लागतं. वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल येतो, म्हणजे चोर घरात पोचतो, पण साधा फोन करून १९३० लावायचा तर टेकडी चढायची. पावसात वीज गेली की टॉवरही गप्प. बँकेची शाखा खाडीपलीकडे, शनिवारी दुपारी गेलात तर दुसरा की चौथा ते मोजून जायचं. सायबर पोलीस ठाणं जिल्ह्याच्या गावी, मंडणगडच्या माणसाला रत्नागिरी गाठायची तर एसटीत निम्मा दिवस जातो. मी एका बाईंबरोबर एका पोलीस ठाण्यात गेले होते. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण असं एकाच ठिकाणी होतं असं मला वाटत नाही. तिथल्या अंमलदारांनी तक्रार पूर्ण ऐकायच्या आधी दोन वाक्यं ऐकवली, 'ओटीपी कशाला दिलात?' आणि 'हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा.' भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यायची असते, हे मी त्यांना सांगायचं का? मी नाही सांगितलं. मला तिथे पुन्हा जायचं असतं.

तर माझी मागणी एवढीच आहे. पुढचा सुरक्षित इंटरनेट दिवस कसा साजरा झाला हे प्रभातफेरीच्या फोटोवरून मोजू नका. प्रत्येक ग्रामपंचायतीत पैसे गेल्यानंतरच्या पहिल्या तासाची रंगीत तालीम घ्या. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला आदळलं तेव्हापासून किनाऱ्यावर आपण वादळाची तयारी शिकलो. कोणाला कुठे हलवायचं, कोण फोन करणार, करवत कोणाकडे आहे. तिथे आपण 'वादळात सापडू नका' असं पोस्टर लावून थांबत नाही. इथेही तसंच करा. गावातल्या एका माणसाला उभं करा, त्याचे पैसे आत्ता गेले असं धरा, आणि पुढचा तास सगळ्यांसमोर जगून दाखवा. फोन स्पीकरवर टाका. १९३० वर काय काय विचारतात ते लोकांना कळू दे. पैसे कुठल्या खात्यातून गेले, किती, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय. हा क्रमांक मेसेजमध्ये नेमका कुठे असतो ते बोट ठेवून दाखवा, कारण घाबरलेल्या माणसाला तो सापडत नाही आणि तिथेच दहा मिनिटं जातात. चोराचे मेसेज रागाने डिलीट करायचे नाहीत हे सांगा. बँकेचा खरा नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो, गुगलवर शोधायचा नाही, आणि तो आजच वहीत लिहून भिंतीवर लावायचा, हे तिथल्या तिथे करून घ्या. बँकांच्या सेवेचे कॉल आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून येतात आणि बँकांच्या वेबसाइट्सचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' असतो, हेही जाता जाता सांगा, पण भर त्यावर नको.

फेब्रुवारीच धरून बसू नका, अशीही विनंती आहे. तेव्हा बागायतदार मोहोर आणि फवारणीत असतो, होड्या समुद्रात असतात, बारावीची परीक्षा तोंडावर असते आणि आंगणेवाडीची जत्रा साधारण त्याच सुमाराला. देवीने कौल दिला की तारीख ठरते, तिला तुमच्या मंगळवाराशी देणंघेणं नाही. केंद्राला अहवाल द्यायचा असेल तर फेब्रुवारीत एक कार्यक्रम करा, खरी तालीम १ मेच्या ग्रामसभेत घ्या. मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात. मुलगा आणि आई एका सतरंजीवर बसून ऐकतील, आणि आईच्या फोनमधली यूपीआयची रोजची मर्यादा कमी करायची, नको ती अ‍ॅप काढायची, हे काम तिथेच होईल. मुलांसाठीही दोन शब्द ठेवा. आईचे पैसे गेले तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते त्यांना कोणीतरी सांगायला हवं. कोळीवाड्यांसाठी १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ सोन्यासारखा आहे, सगळी माणसं घरी, जाळी विणत बसलेली. हर्णैला किंवा मिरकरवाड्याला ऐन हंगामात लिलावाच्या वेळी माइक घेऊन गेलात तर मात्र तुम्हाला कोणी उभं करणार नाही. गणपतीत करा असं काही जण सुचवतील. माझं मत विरुद्ध आहे. तुमचे पोलीस तेव्हा बंदोबस्तात असतात आणि माणसं आरतीत. दशावतारी मंडळींना सांगून प्रबोधन करा, हीही सूचना येईलच. दशावतारात विनोद करणाऱ्या संकासुराला सांगायची गरज नाही. ओटीपीवरचे विनोद त्याने आधीच सुरू केले असतील, आणि तुमच्या भाषणापेक्षा ते बरे असतील.

माणसं कुठून आणायची हा प्रश्न तुम्ही विचाराल. प्रत्येक गावात पोलीस पाटील आहे. कायद्यानेच आहे, १९६७ च्या. कुणाच्या गोठ्यात चोरी झाली की माणूस आधी त्याच्याकडे जातो. त्याला आणि बचत गटाच्या एका ताईला तालुक्याला बोलावून एक दिवस हेच शिकवा, १९३० लावणं आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण भरणं. ताई यासाठी की बाया पोलीस पाटलाला सगळं सांगत नाहीत. कुणाच्या मुलाला रात्री व्हिडिओ कॉल करून, नको ते रेकॉर्ड करून पैशासाठी धमकावलं जातं, तेव्हा तो मुलगा पाटलाकडे तर नाहीच जाणार, घरीही बोलणार नाही. त्याला एवढं कळलं पाहिजे की पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी थांबत नाही, आणि तक्रार करणाऱ्याला पोलीस आरोपी करत नाहीत. हे शेवटचं वाक्य पोलिसांच्या तोंडून, गणवेशात, गावासमोर आलं तर त्याला वजन आहे. माझ्या तोंडून नाही.

कॉलेजातल्या मुलांसाठी वेगळं बोला, आणि त्यांना शपथ देऊ नका. त्यांना दोन गोष्टी सांगा. पहिली खात्याची. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच-दहा हजार देतो' असं म्हणणारा भेटला तर तो चोरीचे पैसे फिरवायला खातं शोधतोय. खातं गोठतं, गुन्हा नोंदतो, आणि परराज्यातले पोलीस दारात येतात तेव्हा पाच हजार देणारा कुठेच नसतो. दुसरी बोटीवरच्या नोकरीची. आमच्याकडे मर्चंट नेव्हीचं स्वप्न घरोघरी आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जॉइनिंग लेटर पाठवून लाखो रुपये घेणारेही आहेत. नौवहन महासंचालनालयाच्या वेबसाइटवर परवानाधारक भरती संस्थांची यादी आहे, आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायची परवानगी त्या परवान्यात नाही. पैसे मागितले की तिथेच उठायचं. हे दोन मुद्दे वीस मिनिटांत होतात.

आमच्या धंद्याबद्दलही लिहिलं पाहिजे, नाहीतर पत्र अर्धवट राहील. आधारचा अंगठा लावून पैसे काढायची सोय म्हाताऱ्या माणसांना फार उपयोगी आहे. तिला ओटीपी लागत नाही, आणि तीच तिची दुबळी बाजू आहे. इतर राज्यांत जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्यांचे नकली अंगठे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे उघडकीला आले. आमच्या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार किती होतात ते तुमच्या दुय्यम निबंधकांना विचारा. आमच्यातलेही काही जण 'ठसा नीट उमटला नाही' म्हणून दुसऱ्यांदा अंगठा घेतात आणि दुसरी पावती दाखवत नाहीत. यावर उपाय फुकट आहे. आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं, पैसे काढायच्या वेळी थोडा वेळ उघडायचं. मे महिन्यात मुलगा घरी असताना हे दहा मिनिटांचं काम आहे. आणि प्रत्येक केंद्रात, माझ्यासकट, भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी लावायची सक्ती करा : पावती घेतल्याशिवाय दुसरा अंगठा देऊ नका.

यात खर्चाची बाब जवळपास नाही. बॅनर नको, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ नको, पेनड्राइव्हमधला हिंदी व्हिडिओ तर अजिबात नको. हवा आहे तो आमच्या बोलीत बोलणारा एक पोलीस, ज्या बँकेत गावाची जास्त खाती आहेत त्या बँकेचा एक कर्मचारी, आणि ठाण्यांना एक लेखी आदेश. पैसे गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यायची, १९३० त्याच्यासमोर लावून द्यायचा, आणि ओटीपीचा प्रश्न शेवटी विचारायचा. हा आदेश निघाला आणि त्याची प्रत ग्रामपंचायतींच्या फलकावर लागली, तर बाकीचं आम्ही बघू.

आमच्या गावची १ मेची ग्रामसभा सकाळी दहाला शाळेच्या पडवीत भरते. तिथे एकाच कंपनीची रेंज येते, म्हणून येताना दोन सिमकार्डांचा फोन आणायला सांगा. स्पीकर भजनी मंडळाकडे आहे. पोलीस पाटलांशी आणि बचत गटाच्या ताईंशी मी बोलून ठेवलं आहे. येणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तहसील कार्यालयामार्फत कळवलंत तर दवंडी द्यायला वेळ मिळेल.

आपली विश्वासू,
एक ई-सेवा केंद्रचालक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग